मालक गेल्यावर तलाव कुणाचा?

युनिक्सवर वर्षानुवर्षं चालत आलेलं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं करायचं, हे माझं काम. आम्ही त्याला पोर्टिंग म्हणतो. बराचसा वेळ इथलं फंक्शन काढून तिथलं बसवण्यातच जातो. पण शेअर्ड मेमरीपाशी आलं की मी थबकतो, कारण तिथे प्रश्न नुसता तांत्रिक राहत नाही.

संगणकावर प्रत्येक प्रोग्राम आपापल्या खोलीत राहतो. दुसऱ्याच्या खोलीत डोकावायची त्याला मुभा नसते. शेअर्ड मेमरी म्हणजे या खोल्यांमधलं सामायिक अंगण. एकाने तिथे ठेवलेलं दुसऱ्याला लगेच दिसतं. आता हे अंगण किती काळ टिकतं? १९८३ साली आलेल्या युनिक्स सिस्टीम फाइव्हच्या पद्धतीत ते बनवणारा प्रोग्राम संपला, वापरणारे सगळे संपले, तरी अंगण तसंच राहतं. कुणी मुद्दाम पुसेपर्यंत किंवा यंत्र बंद होईपर्यंत. विंडोजमध्ये उलट आहे. निदान एक प्रोग्राम ते धरून असेल तोवरच ते असतं. शेवटच्याने हात सोडला की अंगणही गेलं.

त्यामुळे एक गंमत होते. जुना प्रोग्राम माहिती ठेवून निघून जातो आणि थोड्या वेळाने दुसरा येऊन ती उचलतो, अशी रचना युनिक्सवर बिनबोभाट चालते. तीच विंडोजवर नेली की प्रोग्राम कंपाइल होतो, एकही चूक दाखवत नाही, आणि दुसरा येतो तेव्हा अंगण रिकामं. हे टिकून राहील, असं मूळ लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. ते त्याने कुठे लिहून ठेवलेलं नसतं, कारण त्याच्या जगात ते लिहायची गरजच नव्हती.

नागपूरच्या माणसाला याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत. ते बांधण्यात कोहळी समाजाचं कसब नावाजलेलं. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. धानाला पाणी, ढिवरांना मासे, गुरांना काठ, आणि गावाला निस्तार हक्क. मध्य प्रदेशाने १९५० साली कायदा करून मालगुजारी मोडली. तेव्हा त्या राज्याची राजधानी नागपूरच होती. तलाव सरकारचे झाले, आणि नाव पडलं माजी मालगुजारी तलाव. लोक थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. नावातच मालक ‘माजी’ आहे आणि तलाव शिल्लक आहे. सिस्टीम फाइव्हचं याहून चांगलं वर्णन मला सुचत नाही.

कागदावर तलाव टिकला, निस्तार हक्कही टिकले. पण गाळ कुणी काढायचा, पाळ कुणी दुरुस्त करायची, पाणी कुणाला आधी सोडायचं, हे ज्या नात्यांवर चालत होतं ती नाती कायद्याच्या कलमांत उतरली नाहीत. तलाव पुढे पाटबंधारे खातं आणि जिल्हा परिषदा यांच्यात वाटले गेले. कित्येक गाळाने उथळ झाले, कित्येकांत बेशरम माजली.

यावरून ‘मालगुजारच बरा होता’ असं म्हणणं सोपं आहे, आणि मला ते अजिबात मान्य नाही. त्या पाळीवर वेठीचाही घाम होता. व्यवस्था मोडणं न्याय्यच होतं. म्हणूनच प्रश्न अवघड होतो. अन्यायी मालकाच्या हातून एखादं चांगलं काम होत असेल, तर मालक हटवणाऱ्यावर त्या कामाची जबाबदारी येते का?

मला वाटतं, येते. हक्क एका दिवसात हस्तांतरित करता येतो, निगा तशी करता येत नाही. ज्याने स्थलांतर घडवलं त्याने निदान विचारायला हवं, की इथे न लिहिलेलं काय चालू होतं आणि आता ते कोण करणार?

आमच्या क्षेत्रात याची उत्तरं आहेत, आणि कुठलंच फुकट नाही. युनिक्सचे प्रोग्राम विंडोजवर चालवणाऱ्या सिगविनमध्ये सिगसर्व्हर नावाची एक सेवा मागे चालू ठेवावी लागते. ती मालकी सांगत नाही, फक्त सगळ्यांच्या वतीने अंगण धरून बसते. ती बंद असेल तर तिथे सिस्टीम फाइव्हची शेअर्ड मेमरी मिळतच नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसचं उदाहरण मला आणखी शिकवतं. २०१३ च्या ९.३ आवृत्तीत त्यांनी मुख्य सामायिक मेमरी सिस्टीम फाइव्हच्या पद्धतीतून बाहेर काढली, पण त्या जुन्या पद्धतीचा एक छोटा तुकडा मुद्दाम ठेवला. कारण त्या तुकड्याला अजून कोण जोडलेलं आहे, याची मोजणी सिस्टीम ठेवते. जुना कुणी अजून आत काम करत असताना नव्याने येऊन सगळं विस्कटू नये, यासाठी ती मोजणी लागते.

सामायिक गोष्टीबद्दल आपण नेहमी ‘ही कुणाची?’ असं विचारतो. ‘हिला आत्ता कोण जोडलेलं आहे?’ हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. तलावाच्या बाबतीत त्याचं उत्तर सातबाऱ्यावर मिळत नाही. ते धान लावणाऱ्याकडे, जाळं टाकणाऱ्या ढिवराकडे आणि काठावर गुरं नेणाऱ्याकडे मिळतं, आणि त्यांना विचारायला गावात जावं लागतं.