शहराची पारख

सन 2020 च्या टाळेबंदींत पुण्यामुंबईच्या कचेऱ्या घरांत आल्या, आणि नांदेड-लातूरचीं कित्येक मुलें माजघरांत बसून परगांवच्या धन्याची चाकरी करूं लागलीं. तेव्हांपासून सुशिक्षितांच्या तोंडीं एक नवाच प्रश्न आहे: घरबसल्या काम करणारास कोणतें शहर चांगलें? वीज किती टिकते, इंटरनेट किती वेगाचें, भाडें किती, एवढ्यावर शहरास गुण दिले जातात. हे प्रश्न गैर आहेत असें मी म्हणत नाहीं. वीज गेली म्हणजे दिवसाचें कामच बुडतें.

परंतु लातूरची परीक्षा या कोष्टकानें कशी करावी? एप्रिल 2016 मध्यें येथें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून सुमारें पांच लाख लिटर आलें. तशी वेळ पुन्हां आली, तर ज्याचें काम कोठूनहि चालतें तो पेटी उचलून निघून जाईल. किराणा दुकानदारास, परिचारिकेस ती मुभा नाहीं. मग शहर आपल्या सोयीचें आहे कीं नाहीं हें पाहणारानें, आपण शहराच्या कांहीं उपयोगीं आहों काय, हेंहि पाहावयास नको काय? पगार दूरचा असला तरी घागर येथल्याच नळाखालीं लागते!

नांदेडास गुरुद्वाराच्या लंगरांत बसणारास, तूं किती दिवस राहणार, असें कोणी विचारीत नाहीं. पण वाढणारे हात कोणाचे तरी असतातच.

लातुरांत राहून बंगळूरचें काम करणाऱ्या एका परिचित तरुणास मीं शहराविषयीं विचारलें. इंटरनेटचा वेग त्यानें तत्काळ सांगितला. मांजरा धरणांत यंदा पाणी किती, हें मात्र त्यास ठाऊक नव्हतें.