चांद्याची वाट

गेल्या हिवाळ्यात एका परिसंवादात एका नामवंत शिक्षणतज्ज्ञांनी ठणकावून सांगितलं, की एटापल्ली-भामरागडच्या पोरांना किल्ले आणि समाध्या दाखवण्यात दिवस घालवू नका. त्यांना मेट्रो दाखवा, विमानतळ दाखवा. इतिहास हा पोट भरलेल्यांचा छंद आहे. टाळ्या पडल्या. मी गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या आश्रमशाळेत अठरा वर्षं शिकवतो आहे. त्या टाळ्या घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात वाजत होत्या.

बोलताना त्यांनी जपानच्या बुलेट ट्रेनचा दाखला दिला होता, म्हणून जपानबद्दलच बोलतो. तिथं शाळकरी मुलांची एक मोठी सहल ठरलेली असते. तिला 'शुगाकु र्योको' म्हणतात, म्हणजे विद्येसाठी केलेला प्रवास. हायस्कूलची पोरं क्योतो-नाराला जातात, नाहीतर हिरोशिमाला. बुलेट ट्रेनमध्ये बसवून तो देश आपल्या मुलांना कुठे नेतो, तर नारात 752 साली प्राणप्रतिष्ठा झालेल्या बुद्धापुढे. जपानचं इथं काय, असं कुणी म्हणेल. धोंडो केशव कर्व्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका पडली आणि 1916 साली महाराष्ट्रात महिला विद्यापीठ उभं राहिलं. घेण्यासारखं घ्यायला आपले लोक कधी लाजले नाहीत.

मात्र या प्रथेचा उगम कवायतीत आहे, हेही सांगायला हवं. 1886 साली टोकियोच्या शिक्षक घडवणाऱ्या शाळेतले विद्यार्थी चिबातल्या चोशीपर्यंत पायी गेले, ते लष्करी शिस्तीत. त्याला निसर्गाच्या आणि भूगोलाच्या निरीक्षणाची जोड होती. आज क्योतोत पोरं चार-पाचांच्या गटानं, आपण आखलेल्या वाटेनं हिंडताना दिसतात. निघण्याआधी 'शिओरी' नावाची छोटी पुस्तिका तयार होते. कुठे जायचं, काय बघायचं, तिथल्या माणसांना काय विचारायचं, हे तीत असतं आणि पुष्कळदा ती पोरांनीच लिहिलेली असते. कवायतीपासून या पुस्तिकेपर्यंतचा पल्ला मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आपल्या सहली अजून शिट्टीवर चालतात. मुलं मोजायची, दहा मिनिटं द्यायची, 'चला, चला' करायचं, फोटो काढायचा, गाडीत बसवायचं. एसटी शाळेच्या सहलीला निम्मं भाडं घेते. त्या सवलतीतून आपण एवढंच विकत घेतो.

गडचिरोली पोलीस दल दुर्गम गावांतल्या मुलांना 'महाराष्ट्र दर्शन' घडवतं. त्या गाडीतून उतरलेल्या पोराच्या डोळ्यांत मी समुद्र पाहिला आहे, म्हणून त्या उपक्रमाला मी नावं ठेवणार नाही. माझं म्हणणं एवढंच होतं, की पहिली सहल चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला न्यावी. माडिया-गोंड पोरांचं क्योतो तिथंच आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाहनं वसवलेलं ते शहर, सुमारे 11 किलोमीटरचा परकोट, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर या चार वेशी, राणी हिराईनं नवऱ्यासाठी, बीरशाहसाठी बांधलेली समाधी. पाठ्यपुस्तकात शिवरायांचे किल्ले पानोपानी आहेत आणि ते असायलाच हवेत. पण आपल्याही माणसांनी दगडावर दगड रचून राजधानी उभी केली होती, हे आमच्या पोराला कुणी सांगायचं? 2017 पासून 'इको-प्रो' संस्थेचे तरुण भल्या सकाळी जाऊन परकोटावरची झुडपं काढत होते. उघड्या झालेल्या त्या भिंतीवर आपली पोरं चालावीत, एवढीच माझी इच्छा.

या इच्छेला खरी अडचण आली ती अनुताई वाघांची. त्या शिक्षणतज्ज्ञांना मी उत्तर देऊ शकतो. अनुताई मला झोपू देत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांसाठी शाळा चालवत होत्या. पोरं शाळेत येईनात, कारण गुरं राखायची होती, धाकटी भावंडं सांभाळायची होती. तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळा उचलली आणि पाड्यातल्या अंगणात नेली, गुरांमागे कुरणात नेली. आज गावोगाव असलेल्या अंगणवाडीची कल्पना त्या अंगणातली. कुरणशाळेत गवत, बी, खडा, शिंग हेच साहित्य. जे शिकायचं ते पोराच्या हाताशी आहे, तुम्ही तिथवर चालत जा, असं त्या दोघींचं सांगणं. मग मी पोरांना चांद्याला न्यायला का निघालो? मोठेपणा दूर कुठेतरी असतो आणि तो बघायला गाव सोडावं लागतं, हेच मीही शिकवत नव्हतो का? माझा जटपुरा आणि त्यांचा विमानतळ यांत मग फरक काय उरला? पुष्कळ दिवस मला याचं उत्तर देता आलं नाही.

तरी गेलो. एटापल्ली, आलापल्ली, आष्टी. वाटेत सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक, एकामागून एक. आष्टीला वैनगंगा ओलांडली, गोंडपिपरीवरून बल्लारपूर. तिथं रेल्वे दिसली आणि सगळी पोरं खिडक्यांना चिकटली. आमच्या जिल्ह्यात रेल्वे आहे ती वडशाला, आमच्यापासून फार लांब. मालगाडीचे डबे मोजत ती इतकी रमली, की मला कबूल करावं लागलं : त्या तज्ज्ञांचं निम्मं बरोबर आहे. रेल्वेचं नवल आणि वेशीचं नवल एकाच पोरात नांदतं. त्यातलं एक निवडून दुसरं काढून घेण्याचा हक्क त्यांनाही नाही आणि मलाही नाही.

जटपुरा वेशीवरचा हत्तीवर चढलेला सिंह पाहून पोरं खूश झाली, पण फार वेळ थांबली नाहीत. थांबली ती तुरुंगाशी. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी इथं पिंपळाला फाशी दिलं, एवढं मी सांगितलं. नाव सगळ्यांना ठाऊक होतं. नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, त्याले कोणत्या वाटेनं आणलं असंन?"

मी म्हटलं, "तू सांग. तू आणलं असतंस तर?"

ती खाली बसली. तिनं चिंचेच्या काडीनं मातीत प्राणहिता काढली, मग वैनगंगा. वाट जिथून निघाली असेल, त्या अहेरीच्या जागी दुसऱ्यानं खडा ठेवला. ऑक्टोबर म्हटल्यावर एक मुलगा म्हणाला, पूर तेव्हा नुकता उतरलेला असतो, पण पायी पार होत नाही, डोंगा लागला असंन. मग डोंगा कुणाचा, तो चालवणारा आपलाच माणूस असेल का, यावर त्यांचं भांडण जुंपलं. अर्धा तास. मी शिट्टी खिशातच ठेवली. पुराचं पाणी कधी उतरतं, कोणत्या पाण्यातून गुरं पार होतात, हे ती कुरणात शिकली होती आणि त्याच शिकण्यानं ती 1858 सालात शिरली होती. अनुताईंना द्यायचं उत्तर त्या मातीत होतं. कुरण सोडून शहरात जायचं नसतं. कुरण बरोबर घेऊन जायचं असतं.

चांदा हे त्यांचं क्योतो, हे माझं म्हणणंही तिथंच बदललं. माझ्या मनात वेशी होत्या, समाधी होती, अभिमान होता. पोरांना त्याच गावात हिरोशिमाही सापडलं. अभिमानाची आणि जखमेची जागा पाहायला जपानी पोराला दोन शहरं हिंडावी लागतात. आमच्या पोरांना ती एकाच परकोटाच्या गावात भेटली, आणि जखमेशी ती जास्त वेळ थांबली. इतिहास पोट भरलेल्यांचा छंद असता, तर सकाळी चहा-पोह्यांवर निघालेली ही पोरं दुपारचं जेवण विसरून मातीत नदी काढत बसली नसती.

या वर्षीच्या सहलीची पुस्तिका आम्ही जूनपासून लिहितो आहोत. सोळा पानांची वही, शिवलेली. पहिल्या पानावर स्थळांची यादी नाही. घरी विचारून यायचे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न त्या मुलीच्या अक्षरात आहे : आजोबा, पूल नव्हता तेव्हा आपले लोक वैनगंगा कुठून ओलांडत?