काट्यावरचे दहा किलो

घाई नको. पलंगावर टेकून बसा. ऑपरेशन झालेला पाय दोन-तीन उशांवर ठेवा, छातीपेक्षा जरा वर. सूज उतरायला हे लागतंच. खांदे सैल सोडा. आता लक्ष हळूहळू खाली उतरू द्या. मांडी. गुडघा. पोटरी. मग घोटा. तिथे थांबा.

इतकी वर्षं या जागेकडे लक्ष जायचं ते कळ आली की. आज कळ नसताना जाऊन या.

मुठीत मावेल एवढासा हा सांधा. वर नडगीचं हाड, बाहेरच्या अंगाला त्याचं बारीक जोडीदार, आणि दोघांच्या खोबणीत बसलेलं टेलस. या टेलसला एकही स्नायू चिकटलेला नाही; शेजारची हाडं आणि अस्थिबंध जसे नेतील तसं ते हलतं. त्याच्यावरची कूर्चा जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीची. चालताना तिच्यावर अंगाच्या वजनाच्या साधारण पाचपट भार येतो, आणि तरी ती जन्मभर पुरते. गुडघा वयाने झिजतो. घोटा बहुतेक वेळा एखाद्या जुन्या दुखापतीने.

तुमची दुखापत आठवा. ओली पायरी असेल, पायावर कलंडलेली स्कूटर असेल. प्लास्टर निघालं, सगळे म्हणाले, झालं बरं. आणि कितीतरी वर्षांनी सकाळची पहिली पावलं जड व्हायला लागली. त्या दिवसाचा राग येत असेल तर येऊ द्या. श्वास सोडा. पुन्हा घ्या.

आता घरातल्या कुणाला तरी तुमच्या जुन्या चपला आणून द्यायला सांगा. दोन्ही उलट्या करून मांडीवर ठेवा. दुखऱ्या पायाच्या चपलेचे खाचे अजून शाबूत आहेत, बोट फिरवलं तर लागतात. दुसरीची टाच उतरती झिजून पार गुळगुळीत. त्या उतारावरून अंगठा फिरवा. तुमचा लंगडेपणा सगळ्यांनी पाहिला. चांगल्या पायाचे कष्ट मात्र इथेच नोंदले गेलेत. त्या पायावर हात ठेवा. जरा वेळ राहू द्या.

मग परत घोट्याकडे या. पुढच्या बाजूला टाक्यांची उभी रेघ आहे. तिच्या आत नडगीच्या टोकाला धातूचा तुकडा, टेलसवर धातूची टोपी, मधे पॉलिथिलिनची गुळगुळीत चकती. १९७०च्या दशकात असे सांधे बसवायला सुरुवात झाली, तेव्हा ते लवकर सैल व्हायचे. म्हणून हाडंच एकमेकांत सांधून टाकण्याकडे कल राहिला. त्यात दुखणं जातं, पण बिजागरीही जाते. काहींना आजही तोच मार्ग योग्य ठरतो. तुमची बिजागरी राहिली आहे. पळणं, उड्या मारणं आता नाही. उकिडवं बसणंही कदाचित पूर्वीसारखं जमणार नाही. हे आजच मनाशी कबूल करावं, असं मला वाटतं. पण जिना उतरताना लागणारा तो छोटासा कल घोट्यात आहे.

डॉक्टरांनी भार टाकायला सांगितलं असेल, तरच पुढचं करा. सोबतीला कुणीतरी हवं.

जमिनीवर वजनकाटा ठेवा. शेजारी तेवढ्याच उंचीचा पाट. वॉकर दोन्ही हातांनी घट्ट धरा. चांगला पाय पाटावर, ऑपरेशनचा काट्यावर. खाली पाहा. तीन किलो, हे तर नुसतं पायाचंच ओझं. आता भार थोडा तिकडे जाऊ द्या. पाच. सहा. इथे दात आवळले जातात, श्वास अडकतो, नजर घोट्यावर खिळते. अंग कळेची वाट पाहतंय. इतक्या वर्षांची सवय आहे त्याची, त्याला दामटू नका. त्यालाही पाहू द्या. टाचेखाली काट्याचा गार पत्रा लागतोय. चवड्याखालीही लागतोय. ताण आहे, टाक्यांपाशी ओढ आहे, पण ती जुनी, हाडात घुसणारी कळ नाही.

आठ. नऊ. फिजिओने सांगितलेले दहा.

इथेच राहा. पाच श्वास. दात सोडा.

मग भार हातांवर घ्या, काटा शून्याकडे येऊ द्या. आणि पुन्हा, तितक्याच सावकाश, तीन. पाच.