लहानशा झग्याचे पुढे काय झाले?

वाचा : १ शमुवेल २:१८-२१, लेवीय २५:१४-१७, नीतिसूत्रे २०:१४



हन्ना दरवर्षी एलकानाबरोबर शिलोला जाताना शमुवेलासाठी एक लहानसा झगा करून नेत असे, हे आपणा सर्वांना शब्बाथशाळेपासून ठाऊक आहे. या झग्यावर पुष्कळ उपदेश झाले आहेत. मीही काही ऐकले, एकदोन केले. आईची प्रीती, आईची प्रार्थना, आईचा त्याग हे सर्व त्यात आलेच. परंतु मुलीच्या घरी वडोदऱ्यास, आता दोन वर्षांचा होत आलेल्या नातवापाशी राहू लागल्यापासून मला एक निराळाच प्रश्न पडू लागला आहे. मागच्या वर्षीच्या झग्याचे काय होत असे?

आपण हसाल. परंतु ज्यांच्या घरी रांगते-चालते मूल आहे त्यांना हा प्रश्न हसण्यासारखा वाटणार नाही. कपाट उघडावे तर तोकडे झालेले झबले. दिवाण उचलावा तर न चालणारी ढकलगाडी. आणि दारामागे घडी घातलेली बाबागाडी. तिच्यात बसायचे सोडून नातू हल्ली तिलाच ढकलतो. मूल एका हंगामात जे वापरते ते दुसऱ्या हंगामात त्याला पुरत नाही. शास्त्रात हन्नाला पुढे आणखी तीन पुत्र व दोन कन्या झाल्याचे लिहिले आहे. तेव्हा माझी आपली अशी समजूत आहे, आणि ती माझीच आहे, वचनाची नव्हे, की ही बाई शिलोला नवा झगा घेऊन जाई आणि परतताना जुना झगा गाठोड्यात बांधून आणी. रामा येथे त्याची वाट पाहणारे कोणीतरी असेच.

भाषांतरकाराला या झग्याने बरेच छळले आहे. मूळ इब्री शब्द ‘मईल’. लहान लेकरासाठी म्हणून ‘अंगरखा’ किंवा ‘झबले’ लिहावे असा मोह होतो. वाचकाच्या डोळ्यांपुढे मूल उभे राहते. परंतु हाच ‘मईल’ पुढे शमुवेलाच्या अंगावर पुनःपुन्हा दिसतो. पंधराव्या अध्यायात शौल ज्याचा काठ धरतो व जो फाटतो, तो मईल. अठ्ठाविसाव्या अध्यायात एन-दोर येथील स्त्री ज्या वृद्धाचे वर्णन करते, तोही मईल पांघरलेला आहे, आणि त्यावरूनच शौल त्याला ओळखतो. आईने शिवलेला शब्द मरणापलीकडेपर्यंत त्याच्या अंगावर राहिला. ‘झबले’ लिहिले की हा धागा तुटतो. योनाथानाने आपल्या अंगावरून उतरवून दावीदाला दिला तोही मईलच. म्हणजे राजपुत्राच्या अंगावरचे, वापरलेले वस्त्र दावीदाने घातले, आणि त्यात त्याला उणेपणा वाटल्याचे कोठे लिहिलेले नाही.

उणेपणाचे मी मुद्दाम म्हटले. माझ्या लहानपणी अहमदनगरात (आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) बोहारीण डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन येई. एक वाटी मिळविण्यासाठी आई तिच्याशी तासभर घासाघीस करी. साड्या, विजारी सर्व त्या घासाघिशीत जाई. परंतु बाळाची कुंची, टोपडी, दुपटी तिने बोहारणीला कधी दाखविलीही नाहीत. ती धुऊन, उन्हात वाळवून ज्या घरी पाळणा हलणार असेल त्या घरी जात. नव्या बाळाच्या अंगाला नवे कापड टोचते म्हणून आजीचे मऊ झालेले लुगडे फाडून बाळंते करायचे, ही आपली जुनी रीत. लूककृत शुभवर्तमानात मरीयेने बाळाला गुंडाळले ते वस्त्र नवे होते की जुने, हे ग्रीक क्रियापद सांगत नाही. परंतु ‘बाळंते’ म्हटले की मराठी कानाला जुन्या लुगड्याचा मऊपणा ऐकू येतोच, आणि तो ऐकू येण्यात काही चूक आहे असे मला वाटत नाही.

आता घरोघरी ती देवघेव उरली नाही. माणसे नोकरीसाठी परगावी जातात, शेजारी कोण हे ठाऊक नसते. मग वस्तू विकल्या जातात. यातही वावगे काही नाही. मुलीने नातवासाठी जेवणाची उंच खुर्ची अशीच विकत घेतली. विकणारे कुटुंब बदली होऊन चालले होते. त्या बाईंनी पैसे घेण्यापूर्वी, आम्ही न विचारताच, पट्ट्याचे कुलूप दाखविले. “हे आपोआप सुटते. आम्ही वरून नाडी बांधत होतो. तुम्हीही बांधा,” असे म्हणून ती नाडीही त्यांनी दिली. आम्ही दोघींनी घरी येईपर्यंत त्यांचे कौतुक केले. हे मी आठवणीने लिहीत आहे, कारण पुढे जे सांगायचे आहे ते या बाईंना ठाऊक नसले तरी मला त्यांच्यासमोर उभे राहून सांगावेसे वाटते.

दोन महिन्यांपूर्वी नातू कठड्याच्या पलंगावरून चढून बाहेर येऊ लागला. पलंग विकण्याचे ठरले. या पलंगाची एक बाजू खाली सरकते, म्हणजे आईला न वाकता बाळ उचलता येते. सोयीची वस्तू. परंतु सरकत्या बाजूच्या खिट्या झिजतात, बाजू निसटते, गादी आणि कठडा यांच्यामध्ये फट पडते आणि तीत बाळ अडकू शकते. अशा घटनांमुळेच अमेरिकेत २०११ साली असे सरकत्या बाजूचे पलंग बनविण्यास व विकण्यास बंदी झाली, जुने विकण्यासही. आपल्याकडे ते आजही घरोघर फिरतात. आमच्या पलंगाची डावी खिटी झिजली होती. एके दुपारी नातवाने कठडा धरून हलविला तेव्हा बाजू खाडकन खाली आली. देवाच्या दयेने तो गादीवरच बसला व रडला. त्या दिवसापासून मुलीने तेथे नायलॉनची दोरी घट्ट बांधून ठेवली होती.

गिऱ्हाईक आले ते आमच्या सोसायटीच्या रखवालदाराचा भाचा आणि त्याची पत्नी. तिला सातवा महिना होता. तो शाळेच्या मुलांची रिक्षा चालवितो. मुलगी कामावर गेली होती. ते येणार म्हणून मी पलंग पुसून घेतला, आणि ती दोरी सोडून टाकली.

का सोडली? त्या क्षणी मी स्वतःला सांगितले की बरे दिसत नाही म्हणून.

तो पलंगाभोवती फिरला. रंग उडाला आहे, म्हणाला. एक चाक फिरत नाही, म्हणाला. गादी बसकी आहे, म्हणाला. मला मनातल्या मनात हसू येत होते, कारण नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायातील चौदावे वचन माझ्यासमोर चालत-बोलत होते. इब्रीत तेथे ‘वाईट’ या अर्थाचा एकच लहानसा शब्द दोनदा येतो, ‘रा, रा’. घेणारा वस्तूला नावे ठेवतो, आणि सौदा करून निघाला की फुशारकी मारतो. बाजारातला हा आवाज भाषांतरात कसा उतरवावा यावर आम्ही एकदा अर्धी सकाळ घालविली होती. (लहान मुलेही असेच दोनदा बोलतात. नातवाचे ‘नको नको’ ऐकताना मला यशयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील, दूध तुटलेल्या बाळांजवळचे ते बोबडे शब्द आठवतात.) मी दोन हजार सांगितले, त्याने पंधराशे म्हटले, मी अठराशेवर आले. दोनशे रुपये सोडल्याचा मला मोठा आनंद झाला. रखवालदाराचा भाचा, गरीब माणूस, पहिलटकरीण पत्नी. आपण औदार्य केले असे वाटले.

खिटीविषयी त्याने काही विचारले नाही. मी काही बोलले नाही.

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर लेवीय २५ होते. वाचकहो, या अध्यायातील चौदावे वचन आपण सहसा भराभर वाचून पुढे जातो, म्हणून जरा थांबू या. योबेल वर्षाच्या संदर्भात देव इस्राएलास सांगतो की विकताना किंवा विकत घेताना एकमेकांना नाडू नका. लगेच पुढील दोन वचनांत किंमत ठरविण्याची रीत येते. योबेलपर्यंत जितकी वर्षे उरली असतील तितकी किंमत. वर्षे थोडी तर मोल थोडे. कारण जे विकले जाते ते शेत नव्हे, तर उरलेल्या पिकांची संख्या. वापरलेल्या वस्तूच्या व्यवहाराचे याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही. आम्ही पलंग विकला असे म्हणतो. खरे तर त्या पलंगात उरलेल्या सुरक्षित रात्री विकतो. त्या किती उरल्या आहेत हे फक्त विकणाऱ्याला ठाऊक असते.

‘नाडणे’ या अर्थाचे जे इब्री क्रियापद येथे आहे तेच निर्गमात परदेशीयाला छळू नका असे सांगताना आले आहे, आणि याच अध्यायाच्या सतराव्या वचनात ते पुन्हा येते. म्हणजे देवाच्या शब्दकोशात सौद्यातील लबाडी आणि दुबळ्यावरील जुलूम यांना एकच शब्द आहे. यहूदी शास्त्र्यांनी यावर बारकाईने विचार केला. मिश्नामध्ये किमतीत सहाव्या भागाची तफावत निघाली तर ती नाडणूक ठरते, आणि व्यापाऱ्याला किंवा नातलगाला वस्तू दाखवून येईपर्यंत घेणाऱ्याला तक्रार करण्याची मुभा आहे. तेथेच असेही सांगितले आहे की नाडणूक शब्दांनीही होते. घ्यायचे मनात नसताना किंमत विचारीत बसू नये. आणि दोष झाकून विकले असेल तर प्रश्न सहाव्या भागाचा राहतच नाही, तो व्यवहारच चुकीचा ठरतो.

हे सर्व मी टिपून ठेवीत होते. सुबक अक्षरांत. टीप लिहून झाली, आणि उजव्या हाताला टेबलावर ती निळी नायलॉनची दोरी पडलेली दिसली. नातवाने खेळायला घेतली होती.

मी पाप या शब्दावर पुष्कळ लिहिले आहे. परंतु त्या दिवशी मला एवढेच सुचेना की मुलीला काय सांगावे. संध्याकाळी ती आल्यावर सांगितले. ती रागावली नाही, “आई, तू?” एवढेच म्हणाली. तिच्या रागाने मला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अठराशे रुपये आणि नातू, दोघांना घेऊन मी रखवालदाराने सांगितलेल्या पत्त्यावर गेले. एक खोली, पुढे पत्र्याचे छप्पर. पलंग भिंतीशी ठेवला होता. त्यात धुऊन घडी केलेली दुपटी रचून ठेवली होती. जुन्या साड्यांची, सुती. त्या मुलीने मला ओळखले व खुर्ची पुढे केली. मी उभ्यानेच सांगितले. पलंगात दोष आहे, बाजू निसटते, पैसे परत आणले आहेत. तिचा पती आतून बाहेर आला. त्याने खिटी हलवून पाहिली. मग विचारले, “मासी, काल ठाऊक होते?”

वाचकहो, खोटे बोलण्याची वेळ दोनदा येते. पहिल्या वेळी आपण गप्प राहूनही भागते. दुसऱ्या वेळी तोंड उघडावे लागते.

मी म्हणाले, “होय. दोरी बांधलेली होती. मीच सोडली.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. पत्नी दुपट्यांकडे पाहत होती. “सगळे ठीक आहे, हरकत नाही,” असे म्हणून त्याने माझी सुटका करावी असे मला वाटत होते. त्याने तसे केले नाही, आणि त्याला तसे करण्याचे कारणही नव्हते. शेवटी तो म्हणाला की पलंग परत देणार नाही, दुसरा आणायला वेळ कोठे आहे; परंतु बाजू कायमची पक्की करावी लागेल, आणि त्याचा खर्च व दोषाचे मोल मिळून पाचशे रुपये तो परत घेईल. ते पैसे त्याने माझ्या हातून घेतले, मोजले आणि खिशात ठेवले. त्याने क्षमा केली की नाही हे मी विचारले नाही. पाचशे रुपयांत तेही मागणे बरे दिसले नसते.

शेजाऱ्याकडून गिरमिट आले. त्याने चारही कोपऱ्यांत भोके पाडून बोल्ट घालण्यास सुरुवात केली, आणि मी कठडा दाबून धरला. इतका वेळ माझ्या पदराला धरून उभ्या असलेल्या नातवाने आपला पलंग ओळखला. तो धावत गेला आणि गजांना बिलगून “माझं, माझं” म्हणू लागला. त्या मुलीला मराठी येत नसावे, परंतु हा शब्द तिला समजला. तिने त्याला जवळ घेतले, दुपट्याच्या ढिगावर हात ठेवू दिला, आणि एक बिस्किट दिले.

तीन बोल्ट बसले. चौथ्याची चाकी सापडेना. खाटेखाली पाहिले, गादी उचलली, मी कठडा सोडून जमिनीवर हात फिरविला. तेव्हा दिसले की नातवाची डावी मूठ घट्ट मिटलेली आहे. त्याचे वय तोंडात घालण्याचे, म्हणून जीव घाबरा झाला. ओढून घ्यावी तर तो तोंडाकडेच नेणार. रिक्षावाला त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला, त्याने आपला तळहात पसरून पुढे केला, आणि आम्ही तिघे ती मूठ उघडण्याची वाट पाहत राहिलो.