हौसेची पायपीट

आषाढाच्या सरी कोसळू लागल्या, रंकाळ्याचे पाणी चढू लागले, की आमच्या कोल्हापुरातील तरुण मंडळींना पन्हाळ्याचे वेध लागतात. गडावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी जमावे, जयघोष करावा, मसाईचे पठार ओलांडावे, वाटेत एखाद्या वाडीवर मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी पावनखिंड गाठावी, असा हा सुमारे पन्नास किलोमीटरांचा क्रम आहे. विद्यार्थी, कारकून, डॉक्टर, वकील, पुण्या-मुंबईचे हौशी लोक आणि हल्ली मोठ्या संख्येने स्त्रियाही ह्या वाटेने चालतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले त्यांत पन्हाळा आहे; तेव्हा ही वर्दळ ओसरण्याचे चिन्ह नाही, आणि ओसरावी अशी आमची इच्छाही नाही. चालणाऱ्या माणसाविषयी आम्हांस मुळातच ममत्व आहे. परंतु ह्या पायपिटीची जी स्तुती आपण ऐकतो तिच्यात 'कष्ट', 'तप', 'त्याग' असे भारदस्त शब्द इतक्या सढळ हाताने वापरलेले असतात, की त्यांचा हिशेब एकदा मागावा असे वाटते. ज्याला चालण्याची गरज नाही त्याने हौसेने सोसलेल्या श्रमास कष्ट म्हणावे काय? आणि म्हणावयाचे झाल्यास, त्यांचे श्रेय त्याचे एकट्याचे असते काय?

पहिले समर्थन श्रद्धांजलीचे. १६६० च्या जुलै महिन्यात, सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा फोडून शिवाजीमहाराज भर पावसात ह्याच मार्गाने विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद ह्या नाभिक वीराने महाराजांचा वेष घेऊन मरण पत्करले, आणि बाजीप्रभू देशपांड्यांनी मूठभर मावळ्यांनिशी घोडखिंड अडवून धरली. हे आठवीत त्या वाटेने चालावे ह्यात गैर काय? काहीच नाही. मात्र त्या रात्रीच्या माणसांचे आणि आपले साम्य वाट, चिखल आणि पाऊस येथेच संपते. त्यांच्या पाठीवर शत्रू होता. आपला पाय मुरगळला तर जवळच्या डांबरी सडकेवर जीप मिळते. कष्ट किती जड आहेत ह्यापेक्षा ते मध्येच टाकून देता येतात की नाही, ह्यावरून त्यांची जात ठरते असे आम्हांस वाटते. जे केव्हाही खाली ठेवता येते त्याला ओझे म्हणावे; पण ते वाहणाऱ्याने हमालाचे नाव घेऊ नये.

येथे कोणी विचारील, की मग उपास, व्रते, पंढरीची पायी वारी, हीही स्वेच्छेचीच नव्हेत काय? आक्षेप खरा आहे. स्वेच्छेने घेतले म्हणून कोणतेही दुःख खोटे ठरत नाही, आणि वारकऱ्याची चाल तर नेमाने बांधलेली असते. ती मनास वाटेल तेव्हा सोडावयाची नसते. तथापि व्रतांच्या बाबतीतही आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. मध्यमवर्गीय घरातील एकादशीचा उपास पुरुष करतो आणि त्याच्या उपासापायी साबुदाणा भिजविणे, दाणे कुटणे, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी करणे, हे दुप्पट काम स्वयंपाकघरात दुसरेच कोणी करीत असते. पुण्य कोणाच्या खाती जमा होते ते चित्रगुप्तास ठाऊक! हौसेने पत्करलेल्या कष्टांचा काही भाग नेहमी दुसऱ्याच्या अंगावर पडतो, आणि नेमका तोच भाग आपल्या वर्णनातून गळतो.

डोंगराच्या हौसेला तर ही गोष्ट आरंभापासूनच चिकटलेली आहे. डोंगर केवळ पाहण्यासाठी चढल्याचा युरोपातील प्रसिद्ध जुना दाखला म्हणजे पेत्रार्क ह्या इटालियन कवीचा. १३३६ साली तो फ्रान्समधील व्हाँतू पर्वतावर चढला, आणि त्याविषयीच्या त्याच्या पत्रावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. शिखरावर त्याने संत ऑगस्टीनचा ग्रंथ उघडला, तो अंतर्मुख झाला, वगैरे सर्व खरे. पण त्याच पत्रात एक म्हातारा मेंढपाळ भेटतो. तो ह्या मंडळींना वर जाऊ नका म्हणून विनवितो; ती ऐकत नाहीत, तेव्हा अडचणीचे कपडे व सामान ती त्याच्याचपाशी ठेवून पुढे जातात. तो म्हातारा तरुणपणी स्वतः त्या शिखरावर जाऊन आलेला होता. त्याने पत्र लिहिले नाही.

आज जगभरच्या पाठपिशवीवाल्यांचे पंढरपूर म्हणजे दक्षिण अमेरिकेतील पेरू देश. १९११ साली हायरम बिंगहॅम ह्या अमेरिकन प्राध्यापकाने माचू पिच्चूचे अवशेष जगापुढे आणले, आणि कुस्कोच्या परिसरातून तेथवर जाणारी इंकांची जुनी दगडी वाट पुढे पदयात्रेसाठी नावाजली. चार दिवसांची, सुमारे ४३ किलोमीटरांची ही चाल ४,२०० मीटरांहून उंच अशा खिंडीतून जाते. ती ज्यांनी बांधली त्या इंकांना घोडा ठाऊक नव्हता आणि गाडीचे चाकही त्यांच्या वापरात नव्हते. सारे साम्राज्य माणसाच्या पायांवर, माणसाच्या पाठीवर आणि लामा नावाच्या लहानशा जनावरावर चाले. आजही ह्या वाटेवर तंबू, चुली, गॅसच्या टाक्या, पाहुण्यांचे धान्य हे सर्व हमाल वाहतात. ते बहुधा क्वेचुआ बोलणारे शेतकरी असतात. पाहुणा पाण्याची बाटली आणि कॅमेरा घेऊन धापा टाकीत असताना हे लोक त्याच्या पुढे निघून जातात, आणि तो मुक्कामी पोहोचतो तेव्हा तंबू उभा आणि पाणी उकळलेले असते. ह्या माणसांवर इतके ओझे लादले जाई, की २००१ साली पेरू सरकारला कायदा करून ते वीस किलोंवर आणून ठेवावे लागले. वाटेवर वजनकाटे आले. दिवसाकाठी हमालांसह पाचशेच माणसे सोडावयाची, असाही नियम आहे.

वीस किलो हा आकडा आम्हांस फार बोलका वाटतो. तो कायद्यात आला ह्याचा अर्थ असा, की मौज करण्यास आलेल्या सुशिक्षित माणसांना, आपल्यापुढे चाललेल्या मनुष्याच्या पाठीवर किती भार आहे हे डोळ्यांनी दिसत असूनही, त्याचे काही करावेसे वाटले नव्हते. ती माणसे दुष्ट होती असे नव्हे. ती स्वतःच्या दमण्यात गुंतली होती. दमलेल्या माणसास आपणच सर्वांत दमलेले आहोत असे वाटते, आणि हौसेच्या कष्टांचा हा दोष आम्ही सर्वांत मोठा समजतो.

आपल्या वाटेवर हमाल नाहीत. बहुतेक जण आपली सॅक आपणच वाहतात, फार तर मुक्कामाचे सामान टेम्पोतून येते. परंतु म्हणून आपला हिशेब चोख आहे असे नव्हे. करपेवाडी, आंबर्डे, रिंगेवाडी, पाटेवाडी अशा वस्त्या आणि मधले धनगरवाडे ह्यांच्या अंगणातून ही वाट जाते, आणि ती जाते नेमकी भाताच्या लावणीच्या दिवसांत. बायका डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन पोटऱ्यांइतक्या चिखलात वाकून रोपे लावीत असतात. पन्नास माणसांची रांग बांधावरून गेली की बांध बसतो. पाचशे गेली की फुटतो, आणि खाचरातले पाणी खालच्या खाचरात उतरते. तो बांध पुन्हा घालणे हे कोणाचे तरी अर्ध्या दिवसाचे काम असते. रांग तोवर दोन टेकड्या पुढे गेलेली असते, आणि चिखल तुडविल्याच्या आनंदात असते. तोच चिखल वाडीवरच्या मुलास शाळेची वाट म्हणून तुडवावा लागतो. सह्याद्रीतील ज्या वस्त्यांना अजून बारमाही रस्ता नाही, तेथे पावसाळ्यात आजाऱ्याला किंवा अडलेल्या बाळंतिणीला झोळीत घालून चौघांच्या खांद्यांवरून सडकेपर्यंत न्यावे लागते, हे वर्तमानपत्रांतून आपण अनेकदा वाचलेले आहे. कित्येक मोहिमांच्या शेवटी चालणाऱ्यांस प्रशस्तिपत्रे मिळतात. त्या चौघांना अजून कोणी दिल्याचे ऐकिवात नाही.

व्यवहारी मनुष्य म्हणेल, की ह्या लोकांना पैसे मिळतात ना? पिठले-भाकरीचे ताट, रात्रीचा आसरा, वाटाड्याची मजुरी, ह्यांतून वाडीवर चार पैसे येतात. तुम्ही जाण्याचे सोडलेत तर तेही जातील. हे पेरूच्या हमालांविषयीही खरे आहे, आणि म्हणूनच 'जाऊ नका' असे आम्ही म्हणत नाही. पैसे द्यावे, घासाघीस न करता द्यावे. परंतु पैसे दिल्याने भाकरीची किंमत फिटते. तुडविलेल्या बांधाची व चुलीपाशी मिळालेल्या उबेची फिटत नाही. आपल्याकडे अतिथी शब्दास मोठा मान आहे. पण ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही, जो अवचित दाराशी येतो, तो अतिथी. दरवर्षी ठरल्या तारखेस शेकड्यांनी येणाऱ्यास तो मान आपोआप मिळत नाही. त्याने तो आपल्या वागण्याने मिळवावयाचा असतो. चालण्यात मौज आहे, आणि मौज ही पुरेशी सबब आहे. धुक्यातले मसाईचे पठार पाहण्यासाठी कोणी पायपीट केली, तर त्याला त्यागाचे सोंग आणण्याची काय गरज? मौज म्हणून गेलेला मनुष्य कदाचित अधिक नम्र राहील, कारण आपण कोणाच्या तरी कामाच्या दिवसांत सुट्टीवर आलो आहोत हे त्याच्या ध्यानात राहण्याचा संभव अधिक.

त्या १६६० च्या रात्री महाराज पालखीतून निघाले असे परंपरा सांगते. पालखी म्हटली की तिला खांदे आले. अंधारात, निसरड्या उतारावर, पाठीवर शत्रू असताना ज्यांनी ती वाहिली त्यांची नावे आम्हांस दरवर्षीच्या जयघोषात कधी ऐकू आली नाहीत. पुढच्या आषाढात जयघोष करीत निघालेल्या एखाद्या रांगेस समोरून सडकेकडे चाललेली झोळी भेटली, तर रांग वाट सोडून अदबीने बाजूस उभी राहील ह्याविषयी आम्हांस शंका नाही. त्यांतील किती जण सॅक खाली ठेवून खांदा बदलावयास पुढे होतील, एवढेच आम्ही विचारीत आहोत.