केस पेपरवर काय लिहिशील?

चि. ऋतुजा,


कॅज्युअल्टीतली तुझी पहिली रात्रपाळी झाली, असं दादा फोनवर सांगत होता. त्याला काळजी तुझ्या झोपेची. मला मात्र चाळीस वर्षांपूर्वीची एक एक्स-रे फिल्म आठवली.

बाई बावीस-तेवीस वर्षांची असेल. डावा हात पदराच्या झोळीत, सोबत सासू. काय झालं, म्हणून मी तिला विचारलं आणि उत्तर सासूनं दिलं, "मोरीत घसरली." बाई टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. घसरणारा माणूस तळहात टेकतो. मोडतं ते बहुधा मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूचं हाड. हिचं मोडलं होतं करंगळीच्या बाजूचं, मनगटाच्या बरंच वर. डोक्यावर येणारा वार अडवायला हात उचलला की मोडतं, ते. परीक्षेत मी हे लिहून आले होते. तरी केस पेपरवर 'मोरीत घसरून पडली' असं लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. नवरा-बायकोच्या भानगडीत डॉक्टरनं पडू नये, असंच आम्ही सगळे मानायचो.

सात महिन्यांनी ती भाजून आली. 'स्टोव्हचा भडका.' तिसऱ्या दिवशी गेली. पोलिसांनी जुने कागद मागवले, तेव्हा त्यात माझ्या अक्षरातली मोरी तेवढी सापडली.

म्हणून सांगते, सोबतच्यांना आधी बाहेर बसव. 'तपासायचंय' एवढं कारण पुरतं. मग तिला सरळ विचार, घरी कुणी मारतं का? पहिल्यांदा ती बहुधा नाहीच म्हणेल. म्हणू दे, खोदू नकोस. इथे कुणीतरी विचारतं, एवढं तिच्या लक्षात राहील. पोलीस ठाण्याची पायरी कधी न चढणारी बाई ताप आला, दिवस गेले, टाके पडले म्हणून दवाखान्यात येतेच. हेच हेरून मुंबई महापालिका आणि 'सेहत' संस्थेनं पंचवीसएक वर्षांपूर्वी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केलं. तिथल्या परिचारिका, डॉक्टर अशा खुणा ओळखायला शिकले आणि बाईला समुपदेशकाकडे पाठवू लागले. तुझ्या गावात असं केंद्र नसेल, तर घरगुती छळाच्या तक्रारी बघणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर तरी टेबलाच्या काचेखाली ठेव.

ती बोलली, तर तिचे शब्द जसेच्या तसे लिही. सासू बोलली, तर 'सासूच्या सांगण्यानुसार' असं लिही. जखम कुठे, केवढी, कोणत्या रंगाची, ते मोजून लिही. 'किरकोळ मार' असं लिहून मोकळी होऊ नकोस.

बलात्काराची केस आली तर आणखी जप. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिच्या अंगावर जखम नाही, कौमार्य आधीच गेलेलं, योनीत दोन बोटं सहज जातात, असं वैद्यकीय अहवालात आलं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं, त्यात जखम नसण्याचा मोठा वाटा होता. भीतीनं गोठलेल्या मुलीच्या अंगावर जखम कुठून येणार? पुढे देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, १९८३ साली कायदा बदलला. पण ती बोटांची चाचणी चालूच राहिली. ती करणं हे गैरवर्तन ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२२ सालीही बजावावं लागलं. कुणी वरिष्ठ 'रिवाज आहे' म्हणाले, तरी तू करू नकोस. आणि पोलिसांचं पत्र नाही म्हणून अशा बाईला परत पाठवू नकोस. तिच्यावर तातडीनं, मोफत उपचार करणं खासगी दवाखान्यालाही कायद्यानं बंधनकारक आहे. नाकारलं तर तुरुंगवास होऊ शकतो.

तुमच्या कॅज्युअल्टीत तपासणीच्या टेबलाला पडदा आहे का गं? नसेल, तर शनिवारी येताना माप घेऊन ये. माझ्याकडे जाड कापड आहे, मी शिवून देते.

तुझी,
सुमनआत्या