पहिलं तास

नवापूर तालुक्यात मे महिन्यातलं लग्न म्हणजे रात्रभराचा नाच. टेम्पोवर स्पीकरची भिंत, मागे धडधडणारा जनरेटर, वर कॅसिओ आणि ऑक्टोपॅड. खाली मातीत कमरेला हात गुंफून उभी रांग, तिच्यात पोरं, सुना, म्हाताऱ्या सगळ्याच. रोडालीचा ठेका एकदा लागला की ही रांग सहसा मोडत नाही. बँड म्हटला की पाच-सहा पोरं हवीत. त्या रात्री टेम्पोवर एकटाच पोरगा होता.

सुरतेत दोन वर्षं राबून त्यानं एक जुना लूपर घेतला होता, बॉसचा आरसी-505. बटण दाबायचं, वाजवायचं, पुन्हा दाबायचं. तेवढा तुकडा गोल फिरत राहतो. त्यावर दुसरा चढवायचा, तिसरा चढवायचा. पाच ट्रॅक, प्रत्येकाला दिव्याचं कडं. रेकॉर्ड होताना लाल, वाजताना हिरवं. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 च्या सुमारास रोलँडच्या तीन यंत्रांवर दहा राग वाजवले होते, ते त्यानं मोबाईलवर ऐकलं होतं. एका माणसाला राग जमतात तर मला रोडाली का जमू नये, हा त्याचा हिशोब. हिशोबात तसं काही चूक नव्हतं.

पहिला ठेका त्यानं ऑक्टोपॅडवर टाकला. आठ मात्रा, म्हणजे चारेक सेकंद. मात्रा आपोआप मोजणीत बसवून घ्यायची सोय त्या मशीनमध्ये असते, पण आपल्याकडचा ढोल तिच्यात कोंबला की बँकेच्या जाहिरातीसारखा वाजतो, म्हणून ती त्यानं बंद ठेवली होती. बरोबरच केलं होतं. फक्त शेवटचं बटण दाबताना कुणीतरी खालून हाक मारली आणि अंगठा केसभर आधी पडला.

तेवढा केस आता दर चार सेकंदांनी परत येऊ लागला. मिनिटाला पंधरा वेळा.

त्याला ते कळलं, लगेच कळलं. पण लग्नाची सुपारी घेतलेली, समोर दोन गावं उभी. मध्येच बंद कसं करणार? त्यानं बास चढवला. मग कॅसिओवर पावरीसारखा सूर चढवला. लंगडणं तसंच. शेवटचा थर मागे घ्यायचं बटण त्यानं दाबून पाहिलं. वरचा सूर गेला, खालचा ठेका जागचा हलला नाही. ट्रॅक वेगवेगळे असले तरी सगळे त्या पहिल्याच्याच मापानं कापलेले. मग त्यानं इको सोडला, तर इकोनं ती चूक इमानदारीनं दोनदोनदा म्हणून दाखवली. शेवटी फिल्टरची खुंटी पिळून आवाज पार तळाला नेला आणि एकदम मोकळा सोडला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. तो हसला, घाम पुसला. आणि चार सेकंदांनी पुन्हा ठेच.

रांगेच्या टोकाला एक म्हातारी होती. निळं लुगडं, पायात काही नाही. दर आठव्या मात्रेला तिचं पाऊल हवेत क्षणभर अडकायचं, जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं. शेजारच्या पोरी ते झाकून घेत होत्या, म्हातारीला झाकता येत नव्हतं. तिनं हात सोडवला आणि बाजूला जाऊन बसली.

नवरीकडचा एक पाहुणा टेम्पोच्या फाळक्याला टेकून उभा होता. अक्कलकुव्याच्या डोंगरातला. काठीच्या राजवाडी होळीत रात्रभर ढोल वाजवणाऱ्यांतला; तिथं होळी पेटते तीच मुळी पहाटे, त्यामुळे रात्र कशी काढायची हे त्याच्या हातांना ठाऊक. पोरानं वाकून विचारलं, "आजा, वरून ढोल धरतोस का? जरा भरल्यासारखं होईल."

"नांगर धरलायस कधी?"

"धरलाय की."

"पहिलं तास वाकडं गेलं तर?"

पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, "पुढची सगळी वाकडी."

"मग मला कशाला त्याच्यात चालवतोस?" म्हाताऱ्यानं बिडी पेटवली.

पोरानं मशीनकडे पाहिलं. हिरवी कडी झकास फिरत होती. एका ट्रॅकचं बटण दाबून धरलं की तो पुसला जातो. दोन सेकंद पुरतात, पण ते दोन सेकंद फार लांब असतात. त्यानं सगळे पुसले.

जनरेटरचा आवाज तेवढा उरला. रांग जागीच थबकली. कुणीतरी ओरडलं, "लाइट गेली काय रे?" नवरदेवाचा मामा टेम्पोकडे येऊ लागला. पोरानं माइक उचलला, काय बोलावं ते सुचेना, म्हणून एवढंच म्हणाला, "आजी, उठ. तू चाल. मी तुझ्या मागून येतो."

पोरी हसल्या. म्हातारी पदर खोचत उठली, रांगेत शिरली, आणि नुसत्या जनरेटरच्या घरघरीवर चालू लागली. एक फेरा गेला, दुसरा गेला. त्यानं कानावरचा हेडफोन काढून गळ्यात टाकला होता आणि तो तिच्या टाचांकडे बघत होता. मामा फाळक्यापाशी पोचला, तेव्हा म्हाताऱ्यानं त्याला हातानंच थांबवलं.

तिचं पाऊल मातीत पडलं. त्यानं अंगठा टेकवला आणि कडं लाल झालं.